गवताचा अंगरखा आणि सारसांचा तलाव : झाडीपट्टीतले चार दिवस

कोरडा असताना माझा गिली सूट, म्हणजे झाडीत मिसळून जाण्याचा वेश, तीन किलोच्या आसपास भरतो. वजनाचं काही नाही, तीन किलो कुणीही उचलेल. त्रास असतो तो त्याच्या पसाऱ्याचा. जाळीदार कापडावर तागाच्या शेकडो दोऱ्या लोंबत्या सोडलेल्या, हिरव्या, मातकट, वाळक्या गवताच्या रंगाच्या. गुंडाळला की लहान मुलाच्या गादीएवढा होतो आणि साठ लिटरची सॅक एकटाच भरून टाकतो. कॅमेरा, लेन्स, पाणी, स्वेटर यांना जागाच उरत नाही.

हा वेश मुळात शिकाऱ्यांचा. स्कॉटलंडमध्ये शिकारीला सोबत जाणाऱ्या गड्यांना 'गिली' म्हणत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लोव्हॅट स्काउट्स या स्कॉटिश पलटणीने तो रणांगणावर नेला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली. आता असा वेश घालून दबा धरतो ते आम्ही कॅमेरेवाले.

डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा अमरावतीहून झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गोंदिया जिल्ह्यात गेलो, ते सारस पाहायला. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात. उभा राहिला की पुरुषभर उंचीचा हा पक्षी, आणि तो जंगलात न राहता माणसांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, आणि तलावांत राहतो. ज्या तलावावर आम्ही बसलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की गाड्या येतात, आणि तिथे पिलू असलेली जोडी आहे.

दिवस पहिला

बडनेऱ्याहून रात्रीची गाडी, सकाळी गोंदिया, तिथून बल्लारशाहकडे जाणारी पॅसेंजर. दुपारी अर्जुनीला उतरलो.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. डिसेंबरात आमच्याकडे शिवारात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर दिसते. सौंदड मागे पडलं आणि खिडकीबाहेर नुसत्या बांध्या सुरू झाल्या. धान कापून झालेला, जागोजाग पुंजणे रचलेले, काही ठिकाणी चुरणं, म्हणजे मळणी, चाललेलं. आणि थोड्या थोड्या अंतरावर झाडांच्या रांगेमागे पाण्याची चमक. हे तलाव इथल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले. गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळे. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले म्हणून मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलावांना नाव तेच राहिलं.

स्टेशनबाहेर एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. काळेकुट्ट, दोन्ही बाजूंना टोकदार शिंगं. भाच्याने एक उचलून थेट दातांखाली धरला तशा त्या ओरडल्या, "थांबा जी, शिंग टोचंल!" मग त्यांनी विळीवर मधोमध चीर देऊन गर बाहेर काढून दाखवला. पिठूळ, किंचित गोड, तळ्याच्या गाळाचा अगदी पुसट वास. उपासाच्या पिठातून शिंगाडा ओळखणाऱ्या आम्हाला ही चव नवीन होती. आम्ही किलोभर घेतले आणि काळी-पिवळीत बसून संपवले.

गावाच्या अलीकडच्या फाट्यावर पोलिसांची तपासणी होती. गाडीतल्या सगळ्यांच्या पिशव्यांवरून नजर फिरली आणि आमच्या फुगलेल्या सॅकवर थांबली. उघडायला लावली. शिपाईभाऊंनी सूट अर्धा बाहेर ओढला, दोऱ्या चाचपल्या, खाली काही दडवलंय का ते पाहिलं. मी मोबाईलवरचे पक्ष्यांचे फोटो दाखवले, ओळखपत्र दाखवलं, कुणाकडे उतरणार ते सांगितलं. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि सूट स्वतःच्या हाताने परत आत कोंबायला मदत केली. मग म्हणाले, "ताई, न्यायचं तर न्या. पण गावातून हे अंगावर घालून फिरू नका. इकडल्या लोकांनी असले कपडे घातलेली माणसं रात्री दारात उभी पाह्यली आहेत."

हा पट्टा कित्येक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. दोन्ही बाजूंचे बंदूकवाले झाडीत मिसळून जाणाऱ्या कपड्यांत यायचे. हे मला माहीत होतं, पण सॅक भरताना एकदाही आठवलं नव्हतं.

इथेच एक सांगून ठेवते. लष्करी छापाचे कपडे बाजारात सर्रास मिळतात, ते पक्षी पाहायला घेऊ नका. सैनिक वाटावं म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्या मनात तसं काही नसलं तरी ते पटवून देण्यात अख्खी सकाळ जाऊ शकते. साधा मातकट शर्ट, मेंदी रंगाची पँट पुरते. वेश बदलायचाच असेल तर गवतासारखा, पानांसारखा घ्या, आणि तो पिशवीतच ठेवा.

संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो ते सर गावच्याच शाळेत शिकवतात. त्यांनी आधीच सगळ्यांच्या कानावर घातलं होतं. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे, त्यांना विचारावं लागतं. ज्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जायचं त्या शेतमालकाला विचारावं लागतं. बीटगार्डला कळवून ठेवलेलं बरं, कारण या बाजूला बिबट आणि अस्वल दोन्ही फिरतात. मी तिघांनाही स्वतः जाऊन भेटले. फोनवर परवानगी मागण्यापेक्षा चहा घेत मागितलेली परवानगी पक्की असते, हा माझा अनुभव आहे.

रात्री वहिनींनी तांदळाची भाकर, वाळक्या झिंग्यांची चटणी आणि वांग्यात घातलेली पोपटाची भाजी केली. पोपट म्हणजे वालाच्या शेंगांतले दाणे, इथे हिवाळ्यात घरोघरी. तिसरी भाकर मी मागून घेतली.

दिवस दुसरा

पहाटे पाचला निघालो. सॅकला टांगलेला छोटा थर्मामीटर नऊ अंश दाखवत होता. गावापासून तलावाची ती बाजू दोन-अडीच किलोमीटर, सगळी वाट धुऱ्यांवरून. सरांचा पुतण्या काठी आणि बॅटरी घेऊन पुढे.

थंडीत दबा धरायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं एकच सांगायचं झालं, तर मी हे सांगेन : जाड कपडे अंगावर घालून चालू नका, ते वाहून न्या. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे, इतकेच कपडे अंगावर हवेत. ओझं घेऊन अर्धा तास चाललं की नऊ अंशांतही घाम फुटतो. तो घाम बनियनमध्ये मुरतो आणि मग न हलता तीन तास बसायचं असतं. सूर्य वर यायच्या सुमारास तीच ओली बनियन हाडांपर्यंत गार होते. हात कापायला लागले की फोटोही गेला आणि पक्षीही गेला. मी कोरडी बनियन वेगळ्या पिशवीत नेते, जागेवर पोचल्यावर घाम पुसून ती घालते, वर स्वेटर, त्यावर जाकीट, आणि सगळ्यात शेवटी सूट.

त्या दिवशी तसंच केलं. बेशरमीच्या झुडपांच्या आडोशाला कपडे बदलले, सूट चढवला, भाच्याने त्याचा चढवला आणि पाण्याच्या कडेला पालथे पडलो. उजाडायला लागलं तसं पाण्यावर धुकं दिसायला लागलं. आधी आवाज आले. अडईंची शीळ, वारकऱ्यांची कुरकुर, जांभळ्या पाणकोंबडीचं ओरडणं. मग आकार दिसले. तलवार बदकं शेपटीचं टोक वर करून पाण्यात डोकं खुपसत होती. लालसरींचा थवा वाहत वाहत इतका जवळ आला की नराच्या डोक्यावरचा तांबूस पिसारा वाऱ्याने विस्कटलेला मला लेन्सशिवाय दिसत होता. सूट काम करत होता.

सारस मात्र आले, पाहिलं आणि गेले. पलीकडच्या काठावर दोघं मोठे आणि मध्ये एक पिलू उतरलं. पिलाचं डोकं अजून फिकट तांबूस, आईबापांसारखं लालभडक झालेलं नाही. मी लेन्स त्यांच्याकडे वळवली. वळवली म्हणजे वीतभर. नराने मान ताठ केली. तिघंही शांतपणे चालत शेताकडे गेले आणि मग उडाले. पंखांचा तो जड आवाज तलाव ओलांडून आमच्यापर्यंत आला.

नऊच्या सुमारास उठलो. सूट दवाने भिजून चांगलाच जड झाला होता. ओला ताग गुंडाळून सॅकमध्ये कोंबणं फार कटकटीचं काम आहे, दोऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकतात, गवताची कुसळं बोटांत रुततात. पोटात भूक होती. मी म्हटलं, राहू दे, अंगावरच नेऊ, गावाच्या अलीकडे काढू. शिपाईभाऊंचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि इथे शेतात कोण आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या धुऱ्यापाशी बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली बसले. बांधून उठले. समोरून एक मावशी डोक्यावर शिंगाड्यांची टोपली घेऊन येत होत्या, फार तर वीस पावलांवर. धुऱ्याआडून उठणारं, लोंबत्या केसांचं, काळपट काहीतरी त्यांनी पाहिलं आणि "अस्वल!" म्हणून जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. टोपली उलटली. त्या मागच्या मागे वळल्या, लुगड्यात पाय अडकला आणि धानाच्या कापलेल्या खुंटांवर गुडघ्यावर पडल्या.

मी धावले, तर त्या आणखी घाबरल्या. भाच्याला सुचलं, त्याने उभ्या उभ्या डोक्यावरचं टोपरं ओढून काढलं आणि ओरडला, "मावशी, माणसं आहोत, माणसं!" मीही सूट फाडल्यासारखा उतरवला. त्यांचा श्वास लागला होता, ओठ पांढरे पडले होते. गुडघा फुटून रक्त येत होतं. पाणी पाजलं, जखम धुतली, सॅकमधली पट्टी बांधली. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. चार वर्षांमागे त्यांच्या दिराला अस्वलाने याच शिवारात ओरबाडलं होतं. एक डोळा गेला.

मला काय बोलावं सुचेना. आम्ही तिघांनी चिखलातले शिंगाडे वेचून टोपली भरली, भाच्याने ती डोक्यावर घेतली आणि मावशींना हाताला धरून घरी पोचवलं.

दुपारी सरांच्या पुतण्याच्या गाडीवर त्यांना आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, माफी मागायला. घर धीवर मोहल्ल्यात. अंगणात जाळी वाळत टाकलेली, कोपऱ्यात शेकोटी. दीरही तिथेच बसले होते. त्यांच्यासमोर बसून ते सगळं पुन्हा सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "तुमी आमच्या गावचे पाव्हणे. पण पुढच्याले असं नका करू जी."

मावशींनी विचारलं, "घालूनच कायले येत होते? आणलं तसं न्यायचं होतं ना." मी खरं ते सांगितलं, गुंडाळायचा कंटाळा. तशा त्या म्हणाल्या, "आण पाहू इकडं."

मग जे झालं ते मी नीट पाहून ठेवलं, कारण पाच वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सूट जमिनीवर पालथा पसरायला लावला. बाह्या आत. मग सगळ्या दोऱ्या हाताच्या पंज्याने एका अंगाला विंचरल्या, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या एका बाजूला करतात तशा. "उलटसुलट राह्यलं की फुगते," म्हणाल्या. मग भाच्याला सांगितलं, "माझा गुडघा चालत नाही आज, तू लाव बापू." त्याने गुडघ्याने दाबत दाबत दोऱ्यांच्या दिशेने गुंडाळी केली. त्यांनी तणसाचाच वळलेला दोर तीन ठिकाणी आवळला आणि टोक पिळून आत खुपसलं, गाठ नाही. ओढलं की सुटतं. गादीएवढा सूट पाण्याच्या घागरीएवढा झाला. शेवटी जुन्या लुगड्याची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी तो वर चढवला. दोन्ही हात मोकळे, पाठ मोकळी, सॅक कॅमेऱ्यासाठी रिकामी.

निघताना त्यांनी उकडलेले शिंगाडे पदरात घातले. पैसे घेतले नाहीत. सांडलेल्यांचे मात्र मी आग्रहाने दिले.

दिवस तिसरा

पहाटे निघताना वाटेत एका घरापुढे शेकोटीजवळ एक आजोबा बसलेले. वय सत्तरीच्या पुढे. आदल्या दिवसाची गोष्ट गावभर झाली होती, त्यांनी बोलावलं. मी डोक्यावरचा भारा उतरवून शेजारी ठेवला. लाकूड तडकलं, एक ठिणगी उडाली आणि भाऱ्यावर पडली. बारीक धूर निघाला न निघाला, आजोबांनी उघड्या तळव्याने ती चिरडली. तळहातावर काळा ठिपका उमटला. "ताग हाय ना हा? पेटला तर पाणी आणेपर्यंत राख," म्हणाले. गिली सूटमधला माणूस आगीपासून लांब असावा, हे मी वाचलेलं होतं. या दिवसांत विदर्भातल्या प्रत्येक अंगणात शेकोटी असते, तेव्हा कृपा करून हे लक्षात ठेवा. सूट अंगणात नेऊच नका.

त्यांनी विचारलं, कुठे बसता? मी जागा सांगितली. मान हलवून ते उठले, कांबळं पांघरलं आणि "चला" म्हणून पुढे निघाले.

तलावाच्या पाळीच्या टोकाला, जांभळाच्या जुन्या झाडाखाली दगडांचं एक अर्धगोल कुंपण होतं, गुडघ्याएवढं, अर्धं मातीत गेलेलं. मी दोन वेळा त्याच्या शेजारून गेले होते, बांधाचे सुटलेले दगड वाटले होते. ती शिकारीची दडण होती. जुन्या मालगुजाराकडे हिवाळ्यात पाहुणे यायचे, बदकांच्या शिकारीला. आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. त्यांचं काम सामान वाहण्याचं.

"साहेबाचा कोट, कांबळं, लंबे बूट, असं गाठोडं डोईवर. घरून साहेब साध्या सदऱ्यात चालत येई. इथं आला की अंग पुसे अन् मंग कोट घाले. दोन मोठे कोट मी एकटा आणो. चार आणे भेटत."

मला आधी अंगावर काटा आला, मग बरं वाटलं. थंडीत घाम येऊ द्यायचा नाही, कपडे जागेवर जाऊन चढवायचे, हे मी बाहेरच्या शिकाऱ्यांचे अनुभव वाचून शिकले होते. आणि ते साठ वर्षांपूर्वी याच पाळीवर, एका पोराच्या डोक्यावरून चाललं होतं.

शिकारीबद्दल ते फार बोलले नाहीत. एका सकाळी डोंगाभर, म्हणजे नावभर, बदकं आणली होती, ती सगळ्या गावात वाटूनही उरली आणि कुजली, एवढं सांगितलं. "बाहात्तरचा कायदा आला अन् बंद झालं. बरं झालं."

मग माझ्या हातांकडे पाहिलं. "पाखरू कपड्याले नाही भेत जी. हालण्याले भेते. अन् हे तुमचे गोरे हात दुरून दिसतात." खरं होतं. हरणांना रंग कमी ओळखू येतात, म्हणूनच परदेशात हरणांचे शिकारी भडक नारिंगी जाकीट घालूनही दबा धरू शकतात. पक्ष्यांचं तसं नसतं. त्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील किरणही दिसतात. कपडे जास्त पांढरे करणाऱ्या धुण्याच्या पावडरी त्या किरणांत चमकतात, त्यामुळे हे कपडे नुसत्या पाण्यात धुवावेत. आणि चेहरा, हात झाकले नाहीत तर सूट घालून उपयोग नाही. मी बोटं कापलेले मातकट हातमोजे घरी विसरले होते. वहिनींनी त्या दुपारी जुन्या मोज्यांचे करून दिले.

त्या दिवशी सारस आलेच नाहीत. लांब कुठेतरी दोनदा हाक ऐकू आली, बस्स.

दुपारी नवेगाव बांधला जाऊन आलो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असं सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांना इथले लोक कोलासुर म्हणून पूजतात. तलाव बांधणारा माणूस देव झाला, हे मला फार योग्य वाटतं. इथलं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. पक्ष्यांची मराठी आणि झाडीतली नावं आमच्या पिढीने त्यांच्याकडून घेतली. ते १८ जून २०२५ ला वारले. मी काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिले. सूट गाडीतच होता. प्रकल्पाच्या आत पायी उतरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दिवस चौथा

साडेचारला निघालो, कारण सारस येण्याआधी अर्धा तास निश्चल व्हायचं होतं. थर्मामीटर आठवर. वाटेवर मात्र जत्रेसारखी माणसं. शेजारच्या गावात रात्रभर नाटक होतं, ते आत्ता सुटलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. बाया, पोरं, म्हातारे कांबळी पांघरून गाणी गुणगुणत घरी चालले होते. माझ्या डोक्यावरचा लोंबत्या दोऱ्यांचा भारा पाहून एका बाईंनी थांबून विचारलं, "नाटकाचं सामान का जी? कोणाचा पारट होता?" मी म्हटलं, नाही बाई, पाखरं पाहायला चाललो. त्यांनी माझ्या चुंबळीला हात लावून ती नीट केली आणि पुढे गेल्या.

हाच भारा अंगावर असता तर त्या अंधारात काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

दडणीपाशी अंग पुसलं, बनियन बदलली, स्वेटर, जाकीट. दोराचं टोक ओढलं तसा सूट फुलून उघडला, एकही दोरी गुंतली नव्हती. हात झाकले, चेहऱ्यावर जाळी घेतली. लेन्स आधीच त्यांच्या उतरण्याच्या दिशेला रोखून ठेवली, म्हणजे पुन्हा वळवायला नको. आणि मग दोघं दगडांच्या त्या कुंपणाआड दगडासारखे.

सहाच्या सुमारास धुक्यातून एक डोंगा गेला. जाळी ओढायला चाललेले दोघं धीवर, मोठ्याने बोलत. सारस आधीच आलेले होते, आम्हाला दिसले नव्हते इतकंच. डोंगा त्यांच्यापासून पन्नास-साठ फुटांवरून गेला, आणि त्यांनी नुसती मान वळवून पाहिलं. हलले नाहीत. ही माणसं त्यांना ठाऊक आहेत, रोजची आहेत. पूर्ण झाकलेल्या आम्हाला जे मिळवायला चार दिवस लागले, ते त्या दोघांकडे उघड्या अंगाने आहे.

उजेड वाढला. पिलू देवधानाच्या वाळल्या काड्यांमध्ये चोच घालून काहीतरी शोधत होतं. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारं धान. पिलाने चोच वर काढली, टोकाला गोगलगाय. ती त्याने दोनदा पाडली. तिसऱ्यांदा मादीने जवळ येऊन चोचीने पाणी हलवलं, पिलाने पुन्हा उचलली आणि गिळली. मानेतून खाली उतरताना दिसली.

मग नराने मान आभाळाकडे केली, पंख पाठीवर उचलले आणि हाक दिली. त्याच्या एका हाकेला मादीच्या दोन. धुक्यात तो आवाज पाण्यावरून येतोय की छातीतून, कळत नव्हतं. भाच्याचा हात माझ्या हाताजवळ होता, तो थरथरत होता आणि ती थंडी नव्हती. मी मोजून अकरा फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवला.

ते स्वतःहून शेताकडे चालत जाईपर्यंत आम्ही उठलो नाही. साडेआठ वाजले असतील. सूट जागेवरच उतरवला, दोऱ्या विंचरल्या, गुडघ्याने दाबून गुंडाळला. मला दोन वेळा सोडून पुन्हा बांधावा लागला, मग जमला.

मावशींच्या अंगणात थांबून निरोप घेतला. भारा बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवून आत गेलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिलू दाखवलं तर त्या म्हणाल्या, "याले मी रोज पाहतो जी, एवढंसं होतं." दिरांनी कॅमेरा हातात घेऊन एका डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

दुपारच्या पॅसेंजरने गोंदिया, रात्रीच्या गाडीने घर. जाणार असाल तर येताना गोंदियाला गाडी बदलायला दोन तास तरी हाताशी ठेवा. सूट ओला असेल तर हवाबंद पिशवीत अजिबात भरू नका, बुरशी धरतो आणि तो वास मग जात नाही. तागाच्याच पोत्यात आणा आणि घरी आल्या आल्या उन्हात टाका. माझा दोन दिवस गच्चीवर होता. कुसळं अजून निघतायत. मावशींच्या गुडघ्याची खपली पडली, असा सरांचा काल फोन आला.